सर्व्हरमधले उतारू

"चढली किती, ते कुणीही सांगेल. उतरली किती, ते सांग."

अब्दुर्रहमान मुकादम हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचे. कॅन्टीनमधून चहाचे कप परत आले की म्हणायचे. स्टोअरवाला माल आल्याची खबर घेऊन आला की म्हणायचे. मुलगी नबीला शाळेच्या सहलीहून परत आली, तेव्हा शाळेच्या फाटकावर मास्तरांनाही म्हणाले होते, आणि मास्तर बिचारे पुन्हा बसमध्ये चढून बाकांखाली वाकून बघून आले होते.

वाक्य त्यांच्या वडिलांचं होतं. वडील उरणजवळच्या मोऱ्याहून मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचीवर होते. एकदा मासळी विकून परतणारी एक म्हातारी खालच्या डेकवर रिकाम्या टोपलीला टेकून झोपली. लाँच मोऱ्याला लागली, लोक उतरले, लाँच फिरली, आणि म्हातारीला जाग आली ती पुन्हा भाऊच्या धक्क्यावर. तिने त्या दिवशी मुकादमांच्या घराण्याला जे काही ऐकवलं, ते मोऱ्यात पुढे बरीच वर्षं लोक एकमेकांना सांगत. तेव्हापासून वडील लाँचीवरून धक्क्यावर टाकतात त्या फळीपाशी उभे राहून उतरणारी माणसं मोजू लागले. चढणारी मोजणं हे कंपनीचं काम, तिकीट फाडलं की झालं. उतरणारी मोजणं हे आपलं काम, असं ते म्हणत. मुलाने समुद्र सोडला, कॉमर्सची पदवी घेतली, संगणकाचा कोर्स केला, कोपरखैरण्याला घर घेतलं. पण फळीपाशी उभं राहण्याची ती खोड मात्र त्याच्या रक्तात राहिली.

आमच्या पावणे गावाच्या वरच्या अंगाला, जिथे पूर्वी भाताची खाचरं होती, तिथे व्हॉल्व बनवणारी एक कंपनी उभी राहिली होती. तेलाच्या, वाफेच्या, ॲसिडच्या मोठ्या पाइपांवर बसतात ते व्हॉल्व. तिथलं कॅन्टीन माझ्याकडे होतं. त्यामुळे तिथली माणसं मला जेवताना दिसली, आणि माणूस जेवताना जसा दिसतो तसा दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मुकादम, म्हणजे आमचे रहमानभाई, इडीपी खात्याचे प्रमुख. इडीपी म्हणजे कंपनीच्या संगणकांचं खातं. एक थंडगार खोली आणि तिच्यात हे. एसीमुळे ते बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर घालत. भर मे महिन्यात, डोंगराची खडी तापून वाऱ्याला भाजल्यासारखा वास यायचा तेव्हा, हा उंच माणूस स्वेटर घालून कॅन्टीनमध्ये शिरायचा, तो काढून नीट घडी करून शेजारच्या खुर्चीवर ठेवायचा आणि मग भात मागायचा. कपड्यांना अत्तराचा मंद वास. बोलणं सावकाश. समजावून सांगण्याची हौस भारी. विचारलं नाही तरी सांगत.

त्यांच्या खोलीत एक यंत्र होतं, सर्व्हर. ड्रॉइंग हॉलमध्ये प्रत्येक टेबलावर संगणक होता, व्हॉल्वची ड्रॉइंग त्यावर काढली जात, पण ती राहत या एका यंत्रात. "टेबलावर नळ आहे," ते नव्या माणसाला सांगत, "टाकी माझ्याकडे." कंपनीची सगळी वर्षं त्या टाकीत साठली होती. कुठल्या कारखान्याला कुठला व्हॉल्व दिला, त्याची जाडी किती, त्याचा दांडा कसा, सगळं तिथे.

सत्त्याण्णव साली पावसाळ्याच्या तोंडाशी ती टाकी भरली. शिवाय यंत्र आवाज करू लागलं, जात्यात खडा आल्यावर होतो तसा. नवं, मोठं यंत्र घ्यायचं ठरलं. त्या सुमारास निशांत साहेब नवे मॅनेजर म्हणून आले होते. तरुण, चटपटीत, मनाने वाईट नाही, पण त्यांना सगळं कालच झालेलं हवं असे. त्यांचं म्हणणं, नवं यंत्र विकणारी कंपनीच जुन्यातल्या फाइली नव्यात नेऊन देईल आणि पुढे खातंही तीच सांभाळील. रहमानभाई म्हणाले, "फाइली मी नेतो, साहेब. ह्यातली एकेक मला तोंडओळखीची आहे."

निशांत साहेबांनी थोडा विचार केला. "ठीक आहे, मुकादम. तुम्ही करा. पण नंतर ड्रॉइंग हॉलमधलं एक जरी ड्रॉइंग सापडलं नाही, तर खातं त्यांच्याकडे जाईल. तुमच्यासाठी स्टोअरमध्ये जागा बघून ठेवतो."

हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते खरं होतं.

त्या दिवशी रहमानभाई जेवायला आले आणि नुसता चहा घेऊन बसले. मला म्हणाले, "घरी बायकोला सांगितलं. जाहिदा काय म्हणाली असेल? म्हणाली, स्टोअरमध्ये एसी नसतो, मग ह्या स्वेटराचं काय करणार?" हसले, पण चहा अर्धाच प्यायले. त्यानंतर दसऱ्यापर्यंत त्यांना पोटभर जेवताना मी पाहिलं नाही. भात सोडला, मग चपाती अर्धी झाली, मग नुसता चहा आणि बिस्किट.

श्रावण, भादवा, आश्विन. त्या दिवसांत ते खोलीत कमी आणि टेबलाटेबलावर जास्त दिसत. कुठली फाइल कामाची, कुठली जुनी, कुणाचा कप्पा कुणी उघडायचा आणि कुणी उघडायचा नाही, हे सगळं माणसांना विचारून घेत होते. घर बदलताना नुसतं सामान हलवून भागत नाही, कुठल्या खोलीची किल्ली कुणाकडे तेही हलवावं लागतं, असं म्हणायचे. ड्रॉइंग हॉलमधल्या नंदिनीच्या टेबलापाशी एकदा चांगलेच अडकले. मी चहा घेऊन गेलो होतो.

"नंदिनी, ह्या तिन्हींची नावं फायनल. ह्यातली फायनल कुठली?"

"ती 'फायनल एकदम'."

"आणि ही 'फायनल एकदम दोन'?"

"ती साहेबांनी बदल सांगितले तेव्हाची. पण खरी 'एकदम'च आहे, भाई."

"मग 'दोन' काढून टाकू?"

"नको नको. साहेब फिरून तिच्यावर येतात."

रहमानभाईंनी काही काढलं नाही. ज्याचं गाठोडं त्याने सोडावं, आपण फक्त धक्क्याला लावायचं, म्हणाले. एका रविवारी येऊन त्यांनी जुनी बिलं, नको असलेला पत्रव्यवहार असलं थोडंसं नेऊन बघितलं. नीट गेलं. कुठली वाट किती वेळ घेते, याचा अंदाज घेतला. मग दसरा ठरला. त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी होती. शुक्रवारी दुपारपर्यंत काम, मग पूजा, मग सुट्टी. सगळी कंपनी रिकामी असताना फाइली हलवायच्या. शनिवारी दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्या यंत्राला नारळ फोडायचा, आणि त्याच सकाळी विकणाऱ्या कंपनीचा टेम्पो येऊन जुनं यंत्र घेऊन जाणार. जुनं देऊन नवं, असाच तो सौदा होता. टेम्पो गेला की जुनं पुसलं जाणार.

रहमानभाईंनी एकच गोष्ट सगळ्यांना हात जोडून सांगितली. शुक्रवारी दुपारी आपापल्या फाइली मिटून काम बंद करा. जी फाइल कुणाच्या टेबलावर उघडी असते ती नेता येत नाही. कॉपी करणारा प्रोग्रॅम तिला वळसा घालतो आणि पुढे जातो, थांबत नाही, ओरडत नाही. शुक्रवारी ते स्वतः प्रत्येक टेबलापाशी गेले. फाइली मिटलेल्या होत्या. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि मग जुम्म्याच्या नमाजला गेले.

परत आले तोवर हॉल रिकामा झाला होता. दाराला झेंडूचं तोरण, दार ओढून घेतलेलं, उंबऱ्याबाहेर मोठी रांगोळी. फाटकावरचा पंढरी आमच्याच गावचा. त्याने कागदात बांधलेला पेढा पुढे केला.

"भाई, तुमचा पेढा. हालातल्या सगुनाबाय देऊन गेल्या. बोलल्या, भाई दरवर्षी उशिराच येतात."

"सगळे गेले?"

"गेले. रांगोली बघा केवरी काढलीय. पाय पन ठेवाला जागा नाय."

रहमानभाई रांगोळीपर्यंत गेले, बघितली, चांगली आहे म्हणाले आणि मागे फिरले. दुसऱ्याच्या पूजेची रांगोळी ते कधी ओलांडत नसत. दरवर्षी त्या दिवशी ते दाराबाहेरूनच परतत. मग आपल्या खोलीत गेले आणि ऊन कलायच्या आत काम चालू केलं. विकणाऱ्या कंपनीचा ऋषी नावाचा इंजिनियर सोबतीला होता. रात्र यंत्राने काढली.

दसऱ्याच्या सकाळी मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन लवकर आलो, तेव्हा नव्या यंत्राला हार घातलेला होता. निशांत साहेबांनी नारळ बाहेर पायरीवर फोडला. ऋषीने पडदा दाखवला. "कम्प्लीट, सर. शंभर टक्के दाखवतंय." टेम्पो फाटकात उभा. दोन हमाल खांद्यावर फडकी टाकून दारात.

रहमानभाई म्हणाले, "चढवल्या किती, ते ह्याने सांगितलं. उतरल्या किती, ते बघतो."

मोजलं. आकडा जुळेना. मोठा फरक नव्हता, मूठभर फाइली कमी होत्या.

ऋषी म्हणाला, "थोडाफार फरक पडतोच, भाई. टेम्पररी फाइली असतील. कचरा. टेन्शन घेऊ नका."

"कचरा आहे की झोपलेली म्हातारी आहे, ते बघू."

ऋषीला म्हातारी कुठली ते कळलं नाही. पण कमी पडलेल्या फाइलींची नावं पडद्यावर आली, तेव्हा तोही वाकून वाचू लागला. सगळी ड्रॉइंग. सगळी हॉलमधली. प्रत्येक टेबलावरचं एकेक, आणि तेही वेचून काढल्यासारखं सगळ्यात चांगलं. रिफायनरीचा मोठा व्हॉल्व त्यात. नंदिनीचं महिनाभराचं काम त्यात. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभा होतो. निशांत साहेबांचा चेहरा बघितला आणि ट्रे खाली ठेवला नाही.

"कुणी मुद्दाम काढली का?" साहेबांनी विचारलं.

"जुनी डिस्क आहे, सर," ऋषी म्हणाला. "आवाज करत होतीच. तिथला भाग खराब झाला असेल, तर मग काही करता येत नाही."

दारातला हमाल म्हणाला, "साहेब, नेऊ का? दसऱ्याचा दिस हाय, आमालाबी घर हाय."

रहमानभाई उठले आणि जुन्या यंत्राला पाठ लावून उभे राहिले. "माणसं उतरल्याशिवाय बोट जात नाही," म्हणाले. आवाज नेहमीसारखाच सावकाश होता, पण कपाळावर घाम आला होता. त्या खोलीत कुणाला घाम आल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग ते परत बसले आणि त्यांनी जुन्या यंत्रातच त्या फाइली शोधल्या. होत्या. सगळ्या होत्या, धडधाकट. डिस्कला काही झालेलं नव्हतं. त्यांनी एक उचलून नव्यात टाकायचा प्रयत्न केला. यंत्राने नाही म्हटलं. फाइल वापरात आहे, असं पडद्यावर आलं. दुसरी घेतली, तिचंही तेच. तिसरी, तेच.

"वापरात?" निशांत साहेब म्हणाले. "आज? हॉलमध्ये कोण आहे?"

पंढरीला हाक मारली. पंढरी शपथेवर सांगू लागला, "हालात कोन नाय, साहेब. काल बायनी दार ओढल्यापासून माशी गेली नाय आत."

रहमानभाई हॉलकडे निघाले. मागून साहेब, ऋषी, पंढरी आणि मी. रांगोळीपाशी ते थांबले. मग चपला काढल्या, भिंतीला धरून कडेने पाय टाकला आणि दार ढकललं.

खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. आत अंधार असायला हवा होता, पण सगळा हॉल निळसर उजेडाने भरला होता. प्रत्येक टेबलावरचा संगणक चालू. प्रत्येकावर झेंडूची माळ, कडेला हळदीकुंकवाची बोटं, पुढ्यात चार तांदळाचे दाणे आणि सुपारी. आणि प्रत्येक पडद्यावर, काळ्या पाटीवर खडूने काढावं तसं, एकेक व्हॉल्वचं ड्रॉइंग उघडं. कुणीही नसलेल्या त्या हॉलमध्ये ती सगळी ड्रॉइंग शांतपणे तेवत होती.

रहमानभाई जवळच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "हा दिवा माझाच आहे."

गोष्ट अशी होती. काही वर्षांपूर्वी सेफ्टी ऑफिसरने हॉलमध्ये निरांजन आणि उदबत्ती लावायला बंदी केली. इतके कागद, इतक्या वायरी, त्याचं बरोबरच होतं. पण सगुणाबाईंना ते फार लागलं. सगुणाबाई हॉलमधल्या सगळ्यात जुन्या, बोर्डावर पेन्सिलीने काढायचे त्या काळापासूनच्या. नवरात्रात दिव्याशिवाय पूजा म्हणजे काय, म्हणून त्या कॅन्टीनमध्ये बसून डोळे पुसत होत्या. तेव्हा रहमानभाईच त्यांना म्हणाले होते, "ताई, पडदा पण उजेडच ना? तोच दिवा समजा. दसऱ्यापर्यंत चालू ठेवा. आणि पुस्तकं ठेवता ना पूजेत, तसं आपलं सगळ्यात चांगलं काम त्याच्यावर उघडून ठेवा." समजूत घालायला बोललेला शब्द. ते बोलून विसरले. हॉल विसरला नाही. दरवर्षी पूजा झाली की प्रत्येकजण आपलं सगळ्यात चांगलं ड्रॉइंग उघडून, नमस्कार करून, दार ओढून घरी जाऊ लागला. रांगोळी ओलांडायची नाही म्हणून रहमानभाईंनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

ऋषी हळूच म्हणाला, "मग सोपं आहे. मेन स्विच काढा. सगळं सुटेल."

"उघड्या फाइलीची वीज काढली तर ती फाटते," रहमानभाई म्हणाले. "आणि दिवा सगुणाताईंचा आहे. आपण कोण विझवणार?"

"मुकादम, टेम्पो उभा आहे," निशांत साहेब म्हणाले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सगळ्यांनी पायातलं बाहेर काढलंय ना?"

सगुणाबाई. नवी साडी, हातात आपट्याच्या पानांची पिशवी, तोंडावर नऊ दिवसांच्या उपासाचा कडकपणा. कोपरखैरण्याहून दसऱ्याला त्या सोनं वाटायला येतच. निशांत साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि उलट्या पावली रांगोळीबाहेर गेले. ऋषी त्यांच्या मागे.

"ताई," रहमानभाई उठून म्हणाले, "हा दिवा कधी शांत करायचा?"

"संध्याकाळी. सोनं वाटून झालं की."

"टेम्पो संध्याकाळपर्यंत थांबणार नाही."

"मग टेम्पोला सांगा, देवीशी बोलून घे म्हणावं."

बाहेरून निशांत साहेब काही म्हणणार होते. रहमानभाईंनी हात वर केला. मग त्यांनी सगुणाबाईंना शांतपणे सगळं सांगितलं. फाइली कशा मागे राहिल्या, टेम्पो कशासाठी आलाय, जुनं यंत्र गेलं की ह्या ड्रॉइंगचं काय होईल. आपल्या खात्याचं काय होईल, ते सांगितलं नाही. ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

सगुणाबाईंच्या कपाळावर आठी पडली. "पण काल तुम्ही सगळं बघून गेला होतात ना?"

"तेव्हा सगळ्या मिटलेल्या होत्या. मी सांगितलं होतं ना, ताई, फाइली मिटून काम बंद करा."

"केलं की बंद. हे काम नव्हतं. ही पूजा होती."

पंढरीने मान हलवली, त्याला ते पटलं होतं.

"बरं, आता काय करायचं म्हणता?" सगुणाबाई म्हणाल्या. "बंद करायचंय का सगळं?"

"नाही, नाही. यंत्र चालू राहील, पडदा चालू राहील. फक्त समोरचं ड्रॉइंग मिटायचं."

"पडदा काळा नाही होणार?"

"उजेड तसाच राहील."

सगुणाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो भाई, मग एवढं काय मांडलंय? पोथी मिटली म्हणून समई विझते का? आणि आज दसरा. आज पोथी उचलायचीच असते. सरका बाजूला." मग दाराकडे वळून, "साहेब, तुम्ही या आत. पण मोजे पण काढा, ओले दिसतायत."

नंतरचं सगळं मी डोळे भरून पाहिलं. सगुणाबाईंनी पदर खोचला, मुठीत अक्षता घेतल्या. पहिल्या टेबलावर अक्षता टाकल्या, हात जोडले, माऊस धरला आणि ड्रॉइंग मिटलं. पडदा उजळच राहिला. ऋषी थंड खोलीत नव्या यंत्रापाशी जाऊन बसला होता. रहमानभाई हॉलच्या दारात, मी आणि पंढरी मधल्या बोळात. सगुणाबाई टेबलवाल्याचं नाव घेत, रहमानभाई ते मोठ्याने पुढे देत, आम्ही ते बोळातून पोचवत असू, आणि तिकडून ऋषीचा आवाज येई, "उतरला." पहिल्या दोन-तीन वेळा तो नुसता म्हणाला. मग त्याला गंमत वाटू लागली. चौथ्याला त्याने लाँचीवरच्या खलाशासारखी लांब आरोळी दिली, "उतरलाऽऽ." निशांत साहेब अनवाणी उभे राहून हसले. हमाल टेम्पोत तंबाखू मळत बसले होते, तेही काय चाललंय बघायला आले.

जयप्रकाशच्या टेबलापाशी सगळं थांबलं. जयप्रकाश दसऱ्याला साताऱ्याकडे गावी गेला होता. त्याचं ड्रॉइंग मिटू लागताच पडद्याने विचारलं, बदल केलेत, ते ठेवायचे का? सगुणाबाईंनी चष्मा वर करून पाहिलं. रिफायनरीच्या व्हॉल्वच्या पोटात, अगदी मधोमध, जयप्रकाशने पाटीपूजनाला काढतात तशी एकांच्या आकड्यांची सरस्वती काढली होती.

"ठेवली तर हीच रिफायनरीला जाईल," निशांत साहेब म्हणाले.

"आणि नाही ठेवली, तर काल पूजेला उघडल्यावर ह्याने आणखी काही केलं असेल ते जाईल," रहमानभाई म्हणाले. "काय केलंय ते आता कुणाला विचारणार?"

"सरस्वती पुसायची नाही आज," सगुणाबाई म्हणाल्या.

रहमानभाई पडद्याजवळ आले. "वेगळ्या नावाने ठेवा. जुनं ड्रॉइंग जुन्या नावाने, हे नव्या. दोन्ही उतरवू. जयप्रकाश येईल तेव्हा त्याची त्याने निवड करावी."

"नाव काय देऊ?" सगुणाबाईंनी विचारलं.

"शारदा," रहमानभाईंनीच नाव दिलं, आणि आम्ही ते बोळातून पुढे दिलं. ऋषीने तिकडून विचारलं, "ही कुठली, भाई? लिस्टमध्ये नाही." रहमानभाई म्हणाले, "ही बिनतिकिटाची आहे. घे."

शेवटचं टेबल झालं. रहमानभाईंनी मोजलं. जुळलं, एक जास्त होतं, ती कुठली ते ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग सगुणाबाईंच्या टेबलापाशी बसून नव्या यंत्रातली ती एकेक फाइल उघडून बघितली, कारण उतरलेला माणूस आपल्या पायावर चालतोय ना, तेही बघावं लागतं. व्हॉल्वमागून व्हॉल्व पडद्यावर आले, दांडे, चाकं, मापं, सगळं जागच्या जागी. नंदिनीची 'फायनल एकदम' आली. रिफायनरीचा मोठा व्हॉल्व आला तेव्हा त्यांनी खुर्चीला पाठ टेकवली. मला आठवतं, बाहेर खाडीवरून वारा सुटला होता आणि दारावरचं तोरण सारखं हलत होतं.

"न्या आता," ते हमालांना म्हणाले.

हमालांनी जुनं यंत्र उचललं. निशांत साहेब त्याला वाट देत बाजूला झाले, मग रहमानभाईंजवळ येऊन उभे राहिले. पायात बूट अजून नव्हते.

"मुकादम, ती स्टोअरमधली जागा."

"हो, साहेब."

"दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतो." आणि ऋषीकडे वळून, "तुमच्या साहेबांना सांगा, आम्हाला मशीन आवडलं. खातं आमचं आम्ही बघू."

ऋषी म्हणाला, "सर, खरं सांगू, ह्यांचं खातं घेतलं असतं तर आमचेच वांधे झाले असते. अक्षता कुठून आणणार होतो?"

सगुणाबाईंनी सगळ्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली. रहमानभाईंना ठेवताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी फाइली मिटायला सांगाल, तेव्हा पूजेतल्यापण मिटा म्हणून सांगा."

"पुढच्या वर्षी मी रांगोळीच्या आधीच आत येऊन बसतो."

"या. तुम्हालाच पूजा सांगायला बसवते."

मग ते कॅन्टीनमध्ये आले. स्वेटर काढला, पण घडी करायचं विसरले, नुसता खुर्चीवर टाकला. मी पानात पुऱ्या वाढल्या, श्रीखंड वाढलं, बटाट्याची भाजी वाढली. ते जेवू लागले. पुन्हा पुऱ्या मागितल्या. श्रीखंडाला नको म्हणाले नाहीत. भात घेतला, त्यावर वरण, त्यावर तूप. मी एवढी वर्षं माणसं जेवताना पाहिली, पण इतकं सावकाश, इतकं मन लावून जेवलेला माणूस फार थोडा पाहिला. मध्येच घास हातात धरून त्यांनी डोळे मिटले, आणि मला वाटलं झोपतात की काय.

"भाई, पाणी देऊ?"

"दे. आणि जाहिदाला थोडं श्रीखंड बांध. तिने पण हे दिवस मोजून काढलेत."

मी डबा भरून दिला. निशांत साहेब गाडीने सोडतो म्हणाले. रहमानभाई म्हणाले, "नको साहेब, कोपरखैरणं काही लांब नाही, चालतो. जेवण जास्त झालंय."

दुपार टळत आली होती. फाटकाबाहेरचा रस्ता सुट्टीमुळे मोकळा होता, कडेच्या गवताला तुरे आले होते, आणि लांब ठाणे-बेलापूर रस्त्यावरून ट्रकांना बांधलेल्या झेंडूच्या माळा जाताना दिसत होत्या. रहमानभाई डबा हातात घेऊन निघाले. घाई नव्हती. सुरुवातीला जरा वाकून चालत होते, मग हळूहळू ताठ झाले. सगुणाबाई हॉलच्या खिडकीचा पडदा बाजूला करून बघत होत्या, त्यांच्या मागे सगळे संगणक अजून उजळलेले. पंढरीने फाटक लावायला हात घातला होता, तो तसाच थांबला. मी कॅन्टीनच्या पायरीवर होतो. ते मोठ्या रस्त्यापाशी पोचले, दोन ट्रक जाऊ दिले, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या घरांमध्ये दिसेनासे झाले, तोवर आम्ही तिघंही हललो नाही.